ताणावरचा बगीचा

वाळल्या पानांची ढिगोळी बाजूला सारली, तशी सुचिताच्या बोटाला ओल लागली.

एकोणिसावा दिवस होता. एकोणीस दिवस संत्र्याच्या एकशे चाळीस झाडांना पाण्याचा थेंब नव्हता. बगीच्यातली काळी माती भेगाळून गेली होती, पाय ठेवला की पापडासारखी मोडायची. आणि इथे, तिसऱ्या ओळीतल्या झाडाखाली, ठिबकच्या नळीच्या तोंडाशी माती बोटाला चिकटत होती. तिनं पुढचं झाड पाहिलं. तिथेही पानांची ढिगोळी. त्याच्या पुढच्या झाडालाही. पानं वाऱ्यानं उडतात, पण वारा काही बरोबर नळीच्या तोंडाशी पानं रचून जात नाही.

कोणीतरी पाणी दिलं होतं. आणि देऊन झाकलं होतं.

सौंसरकडच्या संत्र्याला बहार आपोआप येत नाही. थंडी लागली की झाडाचं पाणी तोडायचं. महिना, दीड महिना त्याला उपाशी ठेवायचं. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड आतल्या आत दम धरतं, आणि मग पाणी सोडलं की पंधरा-वीस दिवसांत फांदी न् फांदी पांढरी होते. ह्याला ताण देणं म्हणतात. पण मध्येच झाडाला घोटभर पाणी मिळालं, तर त्याला वाटतं, चला, बरे दिवस आले. मग ते फुलाची आठवण सोडतं आणि नुसती पानं काढत सुटतं. कोवळी, पोपटी, उन्हात चमकणारी पानं. लोक त्याला नवती म्हणतात. दिसायला नव्या नवरीसारखी, आणि फळाच्या नावानं काही नाही.

सुचिताची दोन सालं अशीच गेली होती. पहिल्या साली ऐन ताणात अवकाळी पाऊस आला. त्याला कोण काय करणार! दुसऱ्या साली आभाळ कोरडं होतं, तरी बगीचाभर नवती आली. गावानं मान डोलावली. "सावरगावची पोरगी ते. जाम नदीच्या तीरावर दुकानात वाढलेली. तिच्या हाताले झाड कसं वळखन?" सासरे नत्थूजींचं कमरेचं हाड मोडलं आणि नवरा भूपेंद्र पांढुर्ण्याच्या एका शाळेत बाबू, तेव्हा बगीचा मी पाहते असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. छाटणी शिकली, फवारणी शिकली, ठिबकच्या नळ्यांतला गाळ तोंडानं फुंकून काढायला शिकली. फक्त फूल काही तिच्या हाताला आलं नव्हतं.

दसऱ्याला भूपेंद्र म्हणाला होता, "हे लास्ट साल. होळीपर्यंत फूल नाही दिसलं तर जेसीबी लावून देतो. खोडं काढू अन् पऱ्हाटी पेरू. गावात हसून राहिले लोक."

"मामाजीनं लावलेली झाडं हायेत ते."

"बाबाले काय विचारायचं? त्याईनं लावली, आपण काढू."

ओट्यावरच्या बाजेवर नत्थूजी बसले होते. त्यांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली, एवढंच.

आता सुचितानं हात झटकले आणि विहिरीकडे पाहिलं.

विहीर सामाईक होती. वाटण्या झाल्या तेव्हा वावरं तुटली, विहीर तुटू शकली नाही. एक विहीर, एक मोटर, आणि पाइपाला दोन कॉक: एक सुचिताच्या बगीच्याकडे, दुसरा प्रभाकरच्या गव्हाकडे. प्रभाकर म्हणजे भूपेंद्रचा चुलतभाऊ, वयानं मोठा. मोटरला ऑटो बसवलेला, लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हायची. ताणाच्या दिवसांत सुचिता आपला कॉक घट्ट बंद करून सगळी पाळी प्रभाकरला द्यायची. म्हणजे मोटर चालू असताना कोणी तिचा कॉक तासभर फिरवला, की झालं.

आणि विहिरीवर रोज कोण असायचं? प्रभाकर.

ती दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभी राहिली. पलीकडे प्रभाकर गव्हाचे वाफे बांधत होता. बायको, वंदना, डबा घेऊन आलेली. ह्या वंदनाबरोबर सुचिता दर शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जायची. बसच्या एकाच सीटवर बसून, एकाच पुडीतले फुटाणे खात.

"भाऊजी," सुचितानं आवाज दिला, "माह्या कॉकाले कोणी हात लावला?"

"तुह्या कॉकाशी मले काय करायचं हाये वो?" प्रभाकर वाकलेलाच राहिला. "माह्या गव्हाले पाणी पुरून नाही राहिलं, अन् तुह्या संत्र्याले पाजत बसू?"

"बगीच्यात ओल हाये. झाकलेली."

"मंग?"

"मंग मोटर तर तुमच्याच पाळीवर चालते नं."

वंदनानं डबा खाली ठेवला. "म्हणजे आमी चोर? पाणी चोरून नेणारे पायले बाई आतापर्यंत. चोरून देणारा चोर तूच पायला."

"बहार येऊ नये म्हणून कोणी बी देईन."

"कोणाले पडली हाये तुह्या बहाराची? आमच्या घरी काय तुह्या फुलाचे गजरे घालणार होतो?" वंदनाचा आवाज चढला. शेजारच्या वावरातल्या कापूस वेचणाऱ्या बायांनी माना वर केल्या. "शनवारी माह्याजवळ सीट धरू नको आता. सांगून ठेवते."

सुचिता घरी आली तेव्हा नत्थूजी बाजेवर होते. रोज संध्याकाळी ते एकच विचारायचे. आज दुपारीच विचारलं.

"किती दिवस झाले?"

"एकोणीस. पण गेले समजा. कोणीतरी पाणी देऊन राहिलं, मामाजी. मले तर प्रभाकरभाऊजीवरच शक हाये."

नत्थूजींनी काठी जमिनीवर टेकवली. "जाऊ दे पोरी," ते म्हणाले. "कोणाचं नाव घेऊ नको."

पुतण्याची माया, असं सुचिताला वाटलं. मनातून तिला त्यांचाही राग आला.

पण एकाच वेळचं पाणी असेल, तर अजून वेळ होती. काळी जमीन, एका हलक्या पाण्यानं सगळं बिघडतं असं नाही, पंधरा दिवस मागे जातं एवढंच. तिनं ताण सोडला नाही. कॉकला कुलूप लावता येत नव्हतं, म्हणून तिनं दुसरी युक्ती केली. आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीतली राख टोपलीत घेतली, चाळणीनं चाळली, आणि कॉकच्या भोवती हातभर रुंद पसरली. पऱ्हाटीची, कपाशीच्या वाळल्या काड्यांची राख, पिठासारखी पांढरी. मांजर जरी गेली असती तरी पंजा उमटला असता.

रविवारी राख तशीच. सोमवार, मंगळवार तशीच. सुचिता रोज सकाळी जाऊन बघायची आणि रोज तिच्या मनात थोडी निराशा व्हायची. चोर सापडावा म्हणून जीव तळमळत होता आणि चोर येऊ नये म्हणूनही.

शनिवारी ती एकटीच जामसांवलीला गेली. बसमध्ये खिडकीजवळ बसली, बाजूच्या सीटवर पिशवी ठेवली. देवळात रांग मोठी होती. दुपारचे बारा वाजले असतील, रांगेच्या पुढच्या वळणावर तिला प्रभाकर दिसला. हातात नारळ. त्याच्यामागे वंदना. वंदनानं तिला पाहिलं आणि पदर चेहऱ्यापर्यंत ओढला. प्रभाकर मात्र मोठ्यानं बोलला, आजूबाजूच्या लोकांनाही ऐकू जाईल असा.

"दहा वाजतापासून लायनीत हावो आमी दोघंबी! पाहून घे. पुजाऱ्याले बी विचारून घे. नाही तर घरी जाऊन मनशील, प्रभाकरनं जामसांवलीतून हात लांब केला अन् कॉक फिरवला."

दोन-चार लोक हसले. सुचितानं खाली पाहिलं.

तीन वाजता ती घरी न जाता सरळ वावरात गेली. कॉकच्या भोवतीची राख सपाट होती, पाऊल नव्हतं. तिनं सुटकेचा श्वास घेतला, आणि घेता घेता थांबली. राख जास्तच सपाट होती. तिनं चिमूट उचलली, बोटांत चोळली. त्यात काळे, जड खडे लागले. ही पऱ्हाटीची राख नव्हती. ही गोवरीची राख होती.

पऱ्हाटीच्या काड्या कालच संपल्या होत्या. आज पहाटे तिनं स्वतः चुलीत गोवऱ्या घातल्या होत्या. प्रभाकरच्या घरी चूल कधीच मोडली. तिथे गॅस आणि गिझर. म्हणजे पाऊल पुसून वर पसरलेली ही राख तिच्याच घरच्या चुलीतून, आजच, कोणीतरी आणली होती.

बगीच्यात पहिल्या ओळीपासून पाचव्या ओळीपर्यंत नळ्यांच्या तोंडाशी पानं रचलेली होती.

घरी आली तर अंगणात मोटरसायकल उभी. भूपेंद्र पलंगावर लोळत मोबाइल पाहत होता.

"लवकर आले आज?"

"शनवार हाये. हाफ डे."

"वावरात गेल्ते?"

"मी कायले जाऊ? तुह्या ताणात मी पाय ठेवला तरी तुले शक येईन." तो हसला. मग मोबाइल पुढे करून म्हणाला, "जेसीबीवाला बोलून राहिला होता. होळीनंतरचे दिवस फुल होतात त्याचे. म्या आपला नंबर लावून ठेवला. कॅन्सल करता येते बाप्पा, तोंड नको पाडू."

सुचितानं तोंड पाडलं नाही. ती आत गेली आणि चुलीपुढे बसली. राखेत चार बोटांचे ओरखडे होते, कोणीतरी घाईनं उपसल्यासारखे.

तो आठवडा तिला फार लांब गेला. सकाळी नवऱ्याला डबा द्यायचा आणि त्याच्या चपलांच्या तळव्यांकडे पाहायचं. त्यानं पाणी मागितलं की पेला पुढे करायचा आणि त्याच्या नखांत राख शोधायची. दहा वर्षांत त्यानं तिच्याशी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. आता तिला वाटायचं, आठवत नाही म्हणजे धरता आलं नाही. तो प्रेमानं बोलला तर शंका, चिडून बोलला तर शंका. त्यानं एकदा सहज विचारलं, "ताण कसा चालू हाये?" तर ते सहज आहे हेच तिला पटलं नाही. बगीचा काढायचा आहे, पण बायकोला तोंडावर नाही म्हणायचं नाही. मग काय, तासभर कॉक फिरवायचा, की बायकोच हरते. किती सोपं होतं. संशयाला एकदा घरात जागा मिळाली की तो पाहुण्यासारखा राहत नाही, घरधन्यासारखा राहतो. तो सगळ्या भांड्यांना हात लावतो.

पुढच्या शनिवारी तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मी जामसांवलीले जाऊन राहिली. तीन वाजून जाईन." स्टँडवर गेली. बस आली, बस गेली. मग ती नाल्याच्या अंगानं, बाभळींच्या आडून, मागच्या बाजूनं बगीच्यात शिरली आणि सातव्या ओळीत एका झाडाच्या बुडाशी बसून राहिली.

साडेअकराला लाइट आली. मोटर घुमू लागली. प्रभाकर गव्हातला पाण्याचा दांड फिरवून जेवायला गेला. बगीच्यात कुठे पाखराचा आवाज नाही. मलूल पानांतून ऊन खाली पडत होतं.

मग पावलं. एक पाऊल, एक काठी. एक पाऊल, एक काठी.

नत्थूजी होते.

त्यांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. कॉकपाशी येऊन ते थांबले, कमरेला हात लावून हळूहळू वाकले आणि चाक फिरवलं. नळ्यांमधून सूंऽ असा आवाज आला. मग ते पहिल्या ओळीत आले. प्रत्येक झाडापाशी थांबायचे, एक पान दोन बोटांत धरायचे, आणि काठीनं वाळली पानं नळीच्या तोंडाकडे ढकलायचे. सारखं वाकता येत नव्हतं, म्हणून एकेका ढिगोळीला फार वेळ लागायचा.

"पे," ते झाडाला म्हणत होते. "पे बाबू, लवकर पे. तिले सांगू नको."

सुचिता उठली. पायांत मुंग्या आल्या होत्या. ती त्यांच्या बाजूनं, काही न बोलता, कॉककडे गेली आणि चाक उलटं फिरवून घट्ट केलं. आवाज बंद झाला. नत्थूजी वळले नाहीत. ते त्या झाडाचं पान धरून तसेच उभे राहिले.

"मागच्या साली बी तुमीच?" तिनं विचारलं.

नत्थूजी पानालाच बोलल्यासारखं बोलले. "मागच्या साली दोनदाच."

"दोनदाच!" तिचा आवाज फाटला. "वंदनाबाईसंग भांडली मी. आख्ख्या गावासमोर प्रभाकरभाऊजीले चोर केलं. आठ दिवसांपासून तुमच्या लेकाच्या चपला पाहून राहिली मी, मामाजी. त्याच्या चपला! अन् तुमी रोज संध्याकायी मलेच विचारता, किती दिवस झाले म्हणून?"

"मालूम नको का," नत्थूजी म्हणाले. "किती दिवस उपाशी हायेत ते."

ते धुऱ्याच्या दगडावर बसले. बसतानाही काठी आधी, मग ते. डबा उलटला आणि राख त्यांच्या धोतरावर सांडली. त्यांनी ती झटकली नाही.

"तू आली नव्हती तवा," ते म्हणाले. "दोनशे झाडं होती. म्या ताण देल्ला. तुही सासू, वच्छला, म्हणे, आज पाणी सोडा. म्या म्हटलं, आणखी चार दिवस, बहार तुटून पडन. चार दिवसाचे आठ केले. साठ झाडं वाळली. उभ्याची उभी. म्या सोताच्या हातानं कुऱ्हाड घातली." ते थांबले. "वच्छला भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. बगीच्यात काम करताना ते ओव्या म्हणे. त्या दिवसापासून बगीच्यात तिनं ओवी म्हटली नाही. घरी म्हणे. जात्यावर म्हणे. इथे नाही."

सुचिताला सासूची एक ओवी आठवली. नवी नवरी असताना ती दळणापाशी बसून ऐकायची, आणि तिला वाटायचं, ही कुठल्या तरी जुन्या राजाची गोष्ट असेल.

झाड ठेवलं उपाशी, झाड बोललं ना काही
धनी धुऱ्यावर उभा, त्याच्या डोयाले डोया नाही

राजा वगैरे कोणी नव्हता. धनी हा समोर बसला होता, धोतरावर राख घेऊन.

तिचा राग गेला नाही. पण तो कुठे ठेवायचा हे तिला कळेना. ती कॉककडे गेली, वरचा नट मोटरजवळचा पाना लावून सोडवला आणि लोखंडी चाक काढून आणलं. ते नत्थूजींच्या मांडीवर ठेवलं.

"आज पह्यला दिवस," ती म्हणाली. "हे तुमच्याजवळ ठेवा."

त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माह्यावर भरोसा हाये तुले?"

"नाही," सुचिता म्हणाली. "म्हणूनच तर देऊन राहिली. मी लपवलं तर तुमी पाइप फोडसान."

नत्थूजींच्या ओठाचा एक कोपरा हलला.

त्याच संध्याकाळी ती प्रभाकरच्या घरी गेली. वंदनानं बसायला सतरंजी टाकली नाही. सुचितानं उभ्यानंच सगळं सांगितलं आणि चुकले म्हणाली. वंदना तांदूळ निवडत होती.

"चोर म्हणताना वावरात उभी राहून म्हणत होती," वंदना म्हणाली. "अन् चुकली म्हणताना माह्या सैपाकघरात येऊन हळूच?"

मग दुसऱ्या दिवशी सुचिता धुऱ्यावर उभी राहिली आणि कापूस वेचणाऱ्या बायांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली. बाया हसल्या. वंदनानं मान हलवली, पण शनिवारी बसमध्ये ती दोन सीटा सोडून बसली.

भूपेंद्रला तिनं वडिलांचं सांगितलं. त्याच्या चपलांचं सांगितलं नाही. तो आधी खो खो हसला, मग मोबाइल खाली ठेवला. "बाबा कॉकपर्यंत चालत जातात?" त्यानं विचारलं. "मले तर मोरीपर्यंत हात धर म्हणतात." मग म्हणाला, "म्हणजे हे बी साल गेलं. नवीन ताण धरशीन तर फूल येईपर्यंत ऊन तापन."

"होळी कधी हाये?"

"मार्चमंदी."

"मंग मार्चमंदीच बोलू."

पुन्हा एक, दोन, तीन. सुचिता रोज सकाळी बगीच्यात जाऊन माती उकरायची. चाक दिलं होतं, भरोसा दिला नव्हता, तो तिच्याकडे नव्हताच. नत्थूजी आता उघडपणे धुऱ्याच्या दगडावर येऊन बसायचे, चाक सदऱ्याच्या खिशात. वजनानं खिसा लोंबायचा. "पाय, पाय," ते लांबून ओरडायचे. "त्या कोपऱ्यातल्या झाडाखाली बी पाय. रातच्यानं चमच्यानं पाजून आलो." ती उत्तर द्यायची नाही, आणि त्या कोपऱ्यातल्या झाडाखालीही पाहायची.

अकराव्या दिवशी आभाळ भरून आलं. दोघंही दिवसभर वर मान करून बसले. नागपूरच्या बाजूला विजा झाल्या, इकडे नुसता वारा आला आणि गेला. विसाव्या दिवशी पानं खाली पडू लागली. पंचविसाव्या दिवशी दुपारी झाडांकडे पाहवत नव्हतं. पानं गुंडाळून काड्यांसारखी. सुचितानं नत्थूजींच्या खिशाकडे पाहिलं. त्यांचा हात खिशात होता, मुठीत चाक. तो हात बाहेर आला नाही. त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत.

कृषी शिबिरातल्या साहेबांनी तिला पंचेचाळीस दिवस सांगितले होते. कॅलेंडरवर तिनं तारखेला गोल केला होता. तेहेतिसाव्या दिवशी पहाटे, अजून सूर्य वर यायचा होता, तेव्हा नत्थूजींनी दार वाजवलं.

"चाल. आज पाणी सोड."

सुचितानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "बारा दिवस बाकी हायेत, मामाजी."

"आज."

हेच ते, तिला वाटलं. इतके दिवस दम धरला आणि आता तुटले. तिनं शाल घेतली आणि बोलायचं काय ते मनात जुळवत त्यांच्या मागे चालली. एक पाऊल, एक काठी.

बगीच्यात दंव पडलं होतं. नत्थूजींनी एका फांदीला हात घातला. "तू दुपारचं पान पायते," ते म्हणाले. "दुपारी समदेच पानं मिटतात, पाणी असो का नसो. दुपारचं पान खोटं बोलते. सकायचं पान पाय."

तिनं पान पाहिलं. रात्रभर थंडी, वरून दंव, तरी पान उघडलं नव्हतं. नावेसारखं दुमडलेलं. ती पुढच्या झाडाकडे गेली. तिथेही दुमडलेलं. तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीत. सगळीकडे पानं मिटलेली. फक्त नाल्याकडच्या खोलगट भागातली थोडी झाडं अजून पानं उघडून होती. तिला आठवलं, काल सकाळी ती इथूनच गेली होती. मातीकडे पाहत.

"रातची थंडी खाऊन बी पान नाही उघडलं, म्हणजे झाडाच्या पोटात काही नाही राहिलं," नत्थूजी म्हणाले. "ह्याच्यापुढे गेली तर फूल नाही मांगत ते. जीव मांगते."

"त्या साली मालूम होतं हे तुमाले?"

"त्या सालीच मालूम झालं. कुऱ्हाड घेऊन उभा होतो तवा."

ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. ते भीतीनं बोलत होते की जाणून, हे त्या चेहऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. कदाचित दोन्ही एकच झालं होतं. पंचेचाळीसच्या तारखेवरचा गोल घरी भिंतीवर होता. आणि पान इथे, तिच्या बोटांत.

"द्या चाक," ती म्हणाली.

पण मोटर प्रभाकरच्या पाळीवर होती. ती धुरा ओलांडून गेली. प्रभाकर दात घासत होता. त्यानं शांतपणे चूळ भरली.

"घे पाणी," तो म्हणाला. "गहू थांबते एक दिवस. पण कॉक मी फिरवतो, माह्या हातानं. अन् वंदना पायते. म्हणजे उद्या कोणी विचारू नये, कॉक कोणी खोलला म्हणून."

त्यानं खरोखर येऊन चाक बसवलं आणि फिरवलं. वंदना बांधावर उभी राहून पाहत होती, कमरेवर हात ठेवून.

मग सगळ्यांत वाईट दिवस आले. आता करण्यासारखं काहीच नव्हतं. पानं उघडली, झाडं हिरवी दिसू लागली, आणि फांद्यांच्या बगलांत टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके फुगले. ते पानाचे की कळीचे? नवतीही अशीच येते. सुचिता दिवसातून चारदा पाहायची आणि चारदा तिला चार गोष्टी दिसायच्या. नत्थूजींना ते दिसतच नव्हते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. "पान हाये का फूल?" ते विचारायचे. "मालूम नाही." "पाय नं नीट." "पाहूनच सांगून राहिली, मालूम नाही."

होळीला सहा दिवस होते, तेव्हा रविवारी भूपेंद्र स्वतःहून बगीच्यात आला. खिशातून मोबाइल काढला, एका फांदीपाशी धरला आणि दोन बोटांनी ठिपका मोठा केला. आणखी मोठा केला.

"काय हाये?" सुचितानं विचारलं.

त्यानं मोबाइल तिच्यापुढे धरला. हिरव्या ठिपक्याच्या टोकाला तडा गेला होता, आणि तड्यातून पांढरं डोकावत होतं.

तो दुसऱ्या झाडाकडे गेला. मग तिसऱ्या. पुढे पुढे त्याला मोबाइलची गरज पडली नाही. नाल्याकडच्या खोलगट भागात नवतीच होती, आणि दहा-बारा झाडं नुसतीच हिरवी. पण वरच्या सगळ्या ओळींत फांदीफांदीला कळ्या टरारल्या होत्या. भूपेंद्रनं जेसीबीवाल्याचा नंबर लावला.

"भाऊ, ते होळीनंतरचं कॅन्सल करा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, नाही. दुसरा नाही लावला कोणी. झाडंच नाही म्हणून राहिले."

चार दिवसांनी बगीचा फुलला. वास असा की प्रभाकरच्या गव्हात उभं राहिलं तरी लागावा. वंदना धुऱ्यावर आली, एक फांदी खाली ओढली, नाक लावलं आणि म्हणाली, "आमाले पडली नव्हती बाई तुह्या बहाराची. पण वास चांगला हाये." शनिवारचं ती काही बोलली नाही. सुचितानंही विचारलं नाही.

नत्थूजींना तिनं हात धरून आणलं. फुलं त्यांना पांढऱ्या धुक्यासारखी दिसत असतील, पण मधमाश्यांचा आवाज ऐकू येत होता. ते झाडाखाली उभे राहिले, वर न पाहता, खाली काठी फिरवत. जमिनीवर पाकळ्या पडल्या होत्या आणि पाकळ्यांमध्ये काही अख्खी फुलंही.

"हे फुलं पडून राहिले," ते म्हणाले.

"थोडी तर पडणारच नं, मामाजी."

"थोडी असली तर ठीक. ऊन तापन आता. फळ धरलं की गळ लागते. मुगाएवढं फळ असते तवाच पटापटा पडते." त्यांनी काठीनं एक फूल उलटवलं. "पाणी चार-चार दिवसांनी लागन. तू उद्यापासून पहाटेच ये. मी बी येतो."

"मंग आता गळीची भीती धरा," सुचिता म्हणाली.

"धरतोच हावो," नत्थूजी म्हणाले, आणि काठीच्या टोकानं चाचपत पडलेली फुलं मोजायला लागले. ती त्यांच्या बाजूला बसली. शेजारच्या झाडाखालची तिनं मोजायला घेतली.